घटस्फोट, ताबा, पोटगी: वकिलाची फी परवडत नसेल तर

संसार मोडायच्या बेतात आला की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "घटस्फोटाला खर्च किती येईल?" प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. वादातला घटस्फोट वर्षानुवर्षं चालू शकतो. घरभाडं, शाळेची फी आणि किराणा मात्र याच महिन्यात भरायचा असतो. म्हणून आधी पोटगी आणि मुलांची व्यवस्था, मग घटस्फोट, असा क्रम ठेवावा. पोटगी साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून मंजूर होते. ती मिळण्यासाठी घटस्फोटाचा दावा दाखल केलेलाच हवा, असं अजिबात नाही. अर्ज जितके महिने पुढे ढकलाल, तितक्या महिन्यांचे पैसे बुडाले असं धरून चाला.

यातल्या बहुतेक कामांसाठी महाराष्ट्रात सरकारी खर्चाने वकील मिळतो. तो कसा मिळवायचा आणि मिळाल्यावर त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

फुकट वकील कोणाला

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी आहे. कौटुंबिक वादापुरतं त्यातलं महत्त्वाचं असं: स्त्री आणि मूल यांना उत्पन्नाची अट नाही. बाई महिना साठ हजार कमावत असली तरी ती पात्र आहे. "तुम्ही नोकरीला आहात, तुम्हाला नाही मिळणार" असं कोणी खिडकीवर सांगितलं तर ते चूक आहे. शांतपणे कलम १२ चं नाव घ्यावं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकी बहुतेक पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. पत्नीने दावा लावलाय आणि आपली मिळकत तुटपुंजी आहे, अशा नवऱ्यालाही हा मार्ग खुला आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

अर्ज द्यायचा तो जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. तालुक्याला राहत असाल तर तालुका न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून कुठे जायचं ते विचारता येतं. तरीही जमत असेल तर प्रत्यक्ष जावं. समोर बसलेला माणूस कागद पाहून काय कमी आहे ते तिथल्या तिथे सांगतो, ऑनलाइन अर्जाला तेच पत्राने कळतं.

सोबत न्यायचं ते एवढंच: आधार कार्ड, रेशन कार्ड, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, असल्यास विरुद्ध बाजूने आलेली नोटीस किंवा समन्स, आणि तक्रार काय आहे ते थोडक्यात लिहिलेलं एक पान. उत्पन्नावर पात्र ठरणाऱ्यांनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. कायद्यानुसार ते पुरेसं मानता येतं, पण तहसीलचा दाखला हाताशी असेल तर शंका उरत नाही. जातीच्या किंवा दिव्यांगत्वाच्या आधारावर अर्ज असेल तर तो दाखला. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालतं. कोर्टाबाहेरच्या टेबलावर स्टॅम्प पेपर पुढे केला तर घेऊ नका.

अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर सात दिवस कधी सुरू झाले हे सिद्धच करता येत नाही. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात ते प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात.

वकिलाबरोबर आणखीही खर्च यात येतो: कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, भाषांतर, आदेशांच्या प्रमाणित नकला. याशिवाय १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफच आहे. खासगी वकील लावला असला तरीही. बिलात "कोर्ट फी" असा आकडा दिसला तर तो कसला, हे बाईने जरूर विचारावं.

मिळालेला वकील काम करत नसेल तर

सरकारी खर्चाचा वकील म्हणजे दुय्यम वकील, ही समजूत सरसकट खरी नाही. पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत, उत्तम वकील असतात, आणि नुसती तारीख घेऊन जाणारेही असतात. दुसऱ्या प्रकारचा वाट्याला आला तर गप्प बसायचं कारण नाही. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा नियम आहे. "वरखर्चाला" किंवा "कारकुनाला" म्हणून मागितले तरी नाही. पैसे मागितले, दोन-तीन तारखांना वकील हजरच नव्हता, किंवा फोन उचलत नाही, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा. त्यात दाव्याचा क्रमांक, तारखा आणि त्या त्या तारखेला काय झालं एवढंच लिहावं. वकिलाच्या स्वभावाबद्दल परिच्छेद नकोत. वकील बदलून मागता येतो, आणि सुरुवातीलाच एखाद्या वकिलाचं नाव सुचवताही येतं. मात्र परस्पर दुसरा खासगी वकील लावलात, तर मोफत साहाय्य काढून घेतलं जाऊ शकतं.

तारखांवर नजर ठेवण्यासाठी वकिलावर अवलंबून राहू नका. दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते आणि आदेश अपलोड झाला असेल तर तोही वाचता येतो. दावा दाखल झाला त्याच दिवशी हा क्रमांक वकिलाकडून लिहून घ्या. "केस दाखल केली आहे" असं सांगितलं जातं पण क्रमांक काही मिळत नाही, याचा अर्थ बऱ्याचदा केस दाखल झालेलीच नसते.

कौटुंबिक न्यायालयात आणखी एक सोय आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील लावण्याचा कोणाला हक्क म्हणून अधिकार नाही; न्यायालयाच्या परवानगीने वकील येतो. म्हणजे पक्षकाराने स्वतः उभं राहणं हे तिथे अपेक्षितच आहे. साधा पोटगीचा अर्ज किंवा सहमतीचा घटस्फोट बरेच लोक स्वतः चालवू शकतात. उलटतपासणीची वेळ आली, मालमत्तेचा गुंता असला किंवा विरुद्ध बाजूला तयारीचा वकील असला, तर एकट्याने जाऊ नये. तिथल्या विवाह समुपदेशकांना फी द्यावी लागत नाही. त्यांच्याकडे तारीख लागली की ती टाळू नका. "आम्हाला नांदायचंच नाही" असं असलं तरी ताबा आणि भेटीबद्दलची पहिली कामापुरती व्यवस्था पुष्कळदा त्याच खोलीत ठरते.

पोटगी: कोणत्या दाराने

दारं तीन आहेत.

पहिलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १४४. जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं "एकशे पंचवीस" ते हेच. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला. पत्नी, घटस्फोटित पत्नी (पुनर्विवाह न केलेली), अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं आणि आईवडील यांना हे लागू आहे. धर्म कोणताही असो. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हा मार्ग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाला पोटगी मागता येते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे हा अर्ज त्याच न्यायालयात, इतरत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. बाई सध्या जिथे राहते, तिथेच अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी जावं लागत नाही.

दुसरं, घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. मारहाण झाली असेल, घराबाहेर काढलं असेल, किंवा घरखर्चाचे पैसे बंद केले असतील, तर हे दार पहिल्यापेक्षा मोठं आहे. पैसे अडवणं हाही या कायद्यात हिंसाचारच आहे. एकाच अर्जात संरक्षण, राहण्याचा हक्क, दरमहा रक्कम, नुकसानभरपाई आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात आणि अर्ज करायलाही मदत करतात, त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. रात्री-अपरात्री प्रसंग आला तर आधी ११२ किंवा १८१. कागद दुसऱ्या दिवशी.

तिसरं, चालू असलेल्या घटस्फोटाच्या दाव्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी आणि दाव्याचा खर्च मागणं. "दाव्याचा खर्च" हे शब्द अर्जात राहून जातात आणि मग खासगी वकिलाची फी खिशातून जाते. अर्जात तो वेगळा आकडा म्हणून मागा. हे कलम नवरा-बायको दोघांनाही वापरता येतं.

दोन ठिकाणी अर्ज करायला मनाई नाही, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे उघड करावी लागते आणि ती वजा होते. लपवली तर विश्वासार्हता जाते, आणि ती गेली की बाकीच्या अर्जांवरही सावट येतं.

रक्कम ठरते ती कागदावर. रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिल्यापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याचा ठरावीक नमुना आहे. वकिलाच्या कारकुनाने घाईत अर्धे रकाने "लागू नाही" असे भरून टाकणं, ही या सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात महागडी चूक. रकाना एकेक करून स्वतः भरा. तुमचा महिन्याचा खर्च लिहिताना भाडं, वीज, गॅस, दूध, औषधं, शाळेची फी, रिक्षा किंवा स्कूल बस, शिकवणी असं वेगवेगळं लिहा आणि जिथे पावती आहे तिथे ती जोडा. गोल आकडा लिहिला की समोरचा वकील उलटतपासणीत तोच धरतो.

नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा कुठून आणायचा? घरात असतानाच मिळतील तेवढ्या गोष्टी जपून ठेवाव्यात: पगाराची स्लिप, फॉर्म १६, बँकेचं पासबुक, विम्याचा हप्ता, गाडीचं आरसी, कर्जाचा अर्ज. कर्ज घेताना माणूस उत्पन्न फुगवून लिहितो आणि पोटगीच्या वेळी आटवून. दोन्ही कागद शेजारी ठेवले की न्यायाधीशांना फार सांगावं लागत नाही. शेती असेल तर सातबारा आणि आठ अ ऑनलाइन निघतात, गटक्रमांक ठाऊक असला म्हणजे झालं. धंदा रोखीचा असेल तर दुकानाचा फोटो, पाटी, सोशल मीडियावरच्या जाहिराती. प्रतिज्ञापत्रात नवऱ्याने जे लपवलंय त्याबद्दल कागद मागवण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. "नोकरी सोडली" एवढ्यावर पोटगी टळत नाही. न्यायालय माणसाची कमावण्याची कुवतही पाहतं.

मोबाइलवरचे संदेश आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचे असतील तर नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ज्याचा एक भाग तुम्ही भरता आणि दुसरा तज्ज्ञ. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो लांबतो, आणि लांबण्याचं पहिलं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: समन्स बजावलं जात नाही. पत्ता अर्धवट, "घर बंद", "सदर इसम राहत नाही". म्हणून अर्जात राहत्या घराचा पत्ता, गावाकडचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणचा पत्ता असे तिन्ही द्या. खूण लिहा, मोबाइल क्रमांक आणि ईमेल लिहा. समन्स घेऊन जाणाऱ्या बेलिफाचा शेरा काय आला ते तारखेच्या आठवडाभर आधी पाहिलं तर नवा पत्ता वेळेत देता येतो.

आदेश झाल्यावर पैसे आलेच नाहीत तर? कलम १४४ खालची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत दोन वर्षं थांबलं की जुने महिने या मार्गाने वसूल होत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकणं कंटाळवाणं आहे, पण तेच करावं. वॉरंट निघतं, आणि तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पगारदार असेल तर पगार जप्तीचा मार्ग जास्त कामाचा. पोटगीच्या हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या निकालाच्या आदेशात) पगाराचा एक तृतीयांशच भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात तर मालकाने रक्कम परस्पर बाईच्या खात्यात भरावी असा आदेशही मागता येतो.

समोरच्या बाजूला असलेल्यांसाठी दोन गोष्टी. समन्स घ्यायचं टाळू नका. एकतर्फी आदेश होतो आणि तो उठवण्यासाठी तीन महिन्यांच्या आत सबळ कारणासह धावावं लागतं. आणि पैसे देता आहात तर बँकेतून द्या. हातात दिलेल्या रोख रकमेला न्यायालयात अस्तित्व नसतं.

मुलांचा ताबा

ताब्याच्या भांडणात आईबाप "माझा हक्क" म्हणून बोलतात, न्यायालय "मुलाचं हित" म्हणून ऐकतं. अर्जाची भाषा पहिल्यापासून मुलाच्या हिताची असावी. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. त्यापुढे कोणताही सरधोपट नियम नाही. समज आलेल्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारू शकतात. त्याला पढवून नेऊ नका. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी वकिली वाक्यं आली की ते लगेच उघडं पडतं.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर ताब्याचा अर्ज त्यातच. नसेल तर पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली स्वतंत्र अर्ज, आणि तो मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. मूल गावी नेऊन ठेवलं आणि तिथे अर्ज केला, तर अधिकारक्षेत्राच्या वादातच पहिलं वर्ष जातं.

काय दाखवायचं? मुलाला शाळेत कोण सोडतं, पालक सभेला कोण गेलं, डॉक्टरकडे कोण नेतं, लसीकरणाच्या कार्डावर कोणाची सही आहे, तुम्ही कामावर असताना घरी कोण असतं. शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, दवाखान्याची फाइल. समोरच्याच्या चारित्र्यावरची दहा पानं यापुढे फिकी पडतात. कमाई कमी आहे म्हणून आईला ताबा मिळत नाही, ही भीतीही निराधार आहे. कमाईची तूट पोटगीने भरायची असते.

ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क राहतो, आणि खरी भांडणं इथूनच सुरू होतात, कारण आदेश मोघम असतो. "सोयीनुसार भेट" असं लिहिलं की ती भेट होतच नाही. आदेशात किंवा तडजोडीत वार, वेळ, ठिकाण, आणायला कोण येणार आणि परत कोण सोडणार हे लिहून घ्या. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी की वर्षाआड, उन्हाळ्याच्या सुट्टीतले किती दिवस, वाढदिवस, व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, पासपोर्टसाठी संमती, शाळा बदलण्याआधी कळवणं. कटकट वाटते, पण हे सगळं एकदाच लिहावं लागतं.

पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा सूड दुसरीवर काढणाऱ्याचं न्यायालयात नुकसानच होतं. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. मूल परस्पर उचलून नेणं हा मात्र हरण्याचा हमखास मार्ग आहे.

घटस्फोट: स्वस्त रस्ता आणि खोटा रस्ता

खोटा रस्ता आधी. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर "फारकत" लिहून, नोटरीचा शिक्का मारून दिलेला घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट नसतो. पंचांसमोर झाला, दोघांच्या सह्या झाल्या, पैसे दिले-घेतले गेले, तरी नसतो. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड मान्य असेल तर कायदा ती रूढी मानतो, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि द्विभार्याचा गुन्हा गळ्यात पडतो. दुसऱ्या लग्नातल्या बाईची पोटगी, वारसा, पेन्शन असं सगळंच मग लटकतं.

स्वस्त रस्ता सहमतीचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं; एकाच छताखाली राहून पतीपत्नीसारखं न राहणंही यात बसू शकतं. संयुक्त अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान दुसरी हजेरी. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे असाल आणि पोटगी-ताब्याचं सगळं ठरलेलं असेल, तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे सहा महिन्यांची अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर कलम २८, ख्रिस्ती विवाहासाठी घटस्फोट कायद्याचं कलम १० अ. मुस्लिम आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा पहिल्या भेटीतच लग्न कोणत्या पद्धतीने झालं ते वकिलाला सांगा.

सहमतीच्या अटींमध्ये लोक फसतात ते पैशांच्या वेळापत्रकात. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम पहिल्या दिवशी देऊ नये आणि शेवटी घेऊ म्हणून सगळी सोडूही नये. अर्धी पहिल्या हजेरीला, उरलेली दुसऱ्या हजेरीला न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने, अशी विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. स्त्रीधनाची यादी वजनासह, परत मिळाल्याच्या नोंदीसह. एकमेकांवरच्या इतर केसेस कोण, कधी, कोणत्या न्यायालयात मागे घेणार. पोलिसात गुन्हा दाखल असेल तर तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, तो खर्च कोणाचा. आणि मुलांच्या रकमेत दरवर्षीची वाढ लिहून ठेवा, नाहीतर बालवाडीच्या फीवर ठरलेली रक्कम बारावीपर्यंत तशीच राहते. आईने "मुलांसाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलांचा पोटगीचा हक्क त्याने संपत नाही.

सहमती नसेल तर क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार अशी कारणं सिद्ध करावी लागतात, आणि लग्नाला एक वर्ष होण्याआधी अपवाद वगळता दावाच करता येत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली पत्नीला ती राहते तिथे दावा लावता येतो. नवऱ्याने लांबच्या जिल्ह्यात दावा लावला असेल तर बदलीचा अर्ज उच्च न्यायालयात करावा, परराज्यात लावला असेल तर सर्वोच्च न्यायालयात. दोन्हीकडच्या विधी सेवा समित्या त्यासाठीही वकील देतात.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नका. तिथे घटस्फोट होत नाही, पण पोटगीची रक्कम, थकबाकी, सामान यांवर तडजोड होऊ शकते. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी घरी नेऊन वाचायचा वेळ मागा. सक्ती कोणी करू शकत नाही.

खासगी वकीलच लावायचा असेल तर

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: टप्प्याटप्प्याने फी किती, तारखेचे पैसे वेगळे आहेत का, आणि अंतरिम अर्ज, वसुली, अपील यात धरले आहेत का. उत्तर कागदावर किंवा निदान संदेशात लेखी घ्या. प्रत्येक रकमेची पावती मागा किंवा रक्कम ऑनलाइन द्या. पोटगीतला टक्का मागणारा वकील बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध वागतोय, तिथून उठावं. कोऱ्या वकीलपत्रावर सही ठीक, कोऱ्या कागदावर नाही. मूळ कागद वकिलाकडे ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते.

विधी महाविद्यालयांची कायदा साहाय्य केंद्रंही असतात. अर्ज लिहून घेणं, कागद लावून घेणं, नमुना भरणं एवढ्यासाठी ती चांगली. उभं राहून चालवायला पॅनेलचाच वकील.

हुकूमनामा झाल्यावर प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि दोन प्रती घ्या, कारण बँक, पासपोर्ट आणि शाळा तिन्हीकडे ती मागतात. दुसरं लग्न करायचं असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. अपील दाखल झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत.